दुय्यम भूमिका आणि अभिनेत्रीचे मूल्यमापन : फाइना रानेव्हस्काया

भूमिका लहान नसते, नट लहान असतो, हे वचन नाट्यव्यवहारात इतके रूढ झाले आहे की त्याची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. रशियन अभिनेत्री फाइना रानेव्हस्काया (१८९६–१९८४) हिच्या कारकीर्दीचा विचार करताना मात्र ती परीक्षा टाळता येत नाही.

तिचे मूळ आडनाव फेल्डमन. एका ज्यू कुटुंबात, टागानरोग येथे, म्हणजे चेखव्हच्याच गावी, तिचा जन्म झाला. रंगभूमीसाठी तिने स्वीकारलेले आडनावही चेखव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ या नाटकाच्या नायिकेचे होय. पाव्हला वुल्फ या अभिनेत्रीच्या मार्गदर्शनाखाली ती घडली. मिखाईल रॉम याच्या ‘पिश्का’ (१९३४) या मूकपटाने तिचा चित्रपटात प्रवेश झाला. ‘पोदकीदिश’ (१९३९) या बोलपटात नवऱ्यास दटावणाऱ्या बाईची तिची भूमिका छोटी. परंतु त्यातील एका वाक्याने जन्मभर तिचा पिच्छा पुरविला आणि त्या लोकप्रियतेचा तिला जाच वाटे.

ती केवळ विनोदी नटी नव्हती, याचा पुरावा रॉमच्याच ‘मेच्ता’त (चित्रण १९४१, प्रदर्शन १९४३) मिळतो. तेथील खाणावळवाली रोझा कंजूष आहे, कठोर आहे आणि नालायक मुलावरील मायेने आंधळीही आहे. हे तिन्ही गुण रानेव्हस्काया एकामागून एक दाखवीत नाही. ते एकाच वेळी नांदतात. त्यामुळे प्रेक्षकास रोझाचा तिटकारा येतो, पण तिची कीव टाळता येत नाही.

येथे एका घटनेची नोंद आवश्यक आहे. ‘इव्हान द टेरिबल’मधील येफ्रोसिनिया या प्रमुख भूमिकेसाठी आयझेनस्टाइनने तिची निवड केली होती. १९४२ मध्ये चित्रपटखात्याच्या प्रमुखाने तिच्या चेहऱ्यातील ज्यू वैशिष्ट्यांकडे बोट दाखवून ती निवड अमान्य केली. पुढे ती भूमिका सेराफिमा बिर्मनने केली. ज्या राजवटीने रानेव्हस्कायास तीन स्टालिन पारितोषिके आणि १९६१ मध्ये ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ हा किताब दिला, तिनेच ही भूमिका नाकारली.

म्हणून आरंभीच्या वचनाचा उपयोग सावधपणे करावयास हवा. लहान भूमिकेत संपूर्ण माणूस उभा करणे हे तिचे सामर्थ्य खरे. परंतु मोठी भूमिका हिरावली जाणे हा त्या सामर्थ्याचा भाग नव्हे. समीक्षकाने या दोन गोष्टींची गल्लत केली, तर अन्यायालाच कलागुणाचे रूप येते.

१९६९ मध्ये मोस्सोव्हेट नाट्यगृहात एफ्रोसने बसविलेल्या ‘दाल्शे — तिशिना’ या नाटकात तिने रोस्तिस्लाव प्ल्यात याच्यासह, मुलांमुळे ताटातूट झालेल्या वृद्ध जोडप्यातील पत्नीची भूमिका केली. १९७८ मध्ये या प्रयोगाचे चित्रमुद्रण झाले. त्यात संपूर्ण नाटकभर तिने राखलेला संयम पाहता, दीर्घ भूमिका पेलण्याची तिची योग्यता सिद्ध होते. अशी भूमिका चित्रपटाने तिला क्वचितच दिली, हे न्यून त्या चित्रपटसृष्टीचे आहे, रानेव्हस्कायाचे नव्हे.