उंबरठ्यानंतरचे निवेदन : ‘सांगत्ये ऐका’चे पुनर्वाचन

छळाच्या संसारातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीची कथा बहुधा उंबरठ्याशीच संपते. इब्सेनच्या नोराने १८७९ मध्ये लोटलेल्या दाराचा आवाज एवढा मोठा ठरला, की त्या रात्री ती कोठे निजली हा प्रश्न समीक्षेला वाङ्मयबाह्यच वाटत आला. वस्तुतः घर सोडल्यानंतरचाच काळ अशा स्त्रीला अनेकदा सर्वाधिक धोक्याचा असतो. तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मधील ज्योती तर अखेर नवऱ्याकडेच परतते, त्यामुळे तो काळ नाटकात उलगडतच नाही.

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे आत्मकथन मात्र या काळात शिरते. कमाईसाठी राबवून घेणाऱ्या, संशयाने छळणाऱ्या नवऱ्यापासून निघालेली ही अभिनेत्री मराठवाड्यातील एका खेड्यात पोचते आणि तेथे एका पुरुषाची तिसरी बायको म्हणून पुन्हा कोंडली जाते. सुटकेसाठी निरोप धाडावा लागतो तो नवऱ्यालाच. पुढे ज्या दंडाधिकाऱ्यासमोर जबाब द्यायचा, तोच तिच्यावर अत्याचार करतो. पळणे आणि सुटणे या दोन क्रियापदांतील अंतर मराठी गद्यात इतक्या उघडपणे क्वचितच आले असेल. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त (१९७७) दंडाधिकाऱ्याचा प्रसंग नाही. पटकथेची सोय म्हणून हे समजता येते. पण त्यामुळे छळ घरापुरता उरतो आणि शासनसंस्था नामानिराळी राहते.

ज्युडिथ हर्मन यांनी ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ (१९९२) या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा जोडले जाणे. वाडकरांच्या संहितेत पहिला टप्पाच गळालेला आहे. सुरक्षित जागा नाही. आहे ते केवळ सांगणे. शीर्षक त्यांच्याच १९५९ च्या चित्रपटाचे, हे खरे. तरीही ‘ऐका’ या आज्ञार्थाला येथे निराळे वजन येते. ऐकणारा, म्हणजे शब्दांकन करणारे अरुण साधू, या निवेदनाची पूर्वअट ठरतो. अशा निवेदनातील तुटक कालक्रम आणि कोरडा स्वर यांना ‘विस्कळीतपणा’ म्हणणारी समीक्षा सुरक्षित माणसाच्या स्मृतीचे मोजमाप असुरक्षित स्मृतीला लावते. मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये (१९८४) लेखणी स्त्रीच्याच हाती येते, पण सावरल्याचा दिलासा शीर्षकही देत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील स्त्री अभ्यास केंद्राला ताराबाई शिंदे यांचे नाव आहे. मराठवाड्यातील हा वृत्तांत तेथील संशोधकाला प्रादेशिक स्त्री-इतिहासाचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येईल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, संरक्षणाचे आदेश मिळण्याची सोय केली. भाषा अद्याप तेथवर आलेली नाही. ‘नांदणे’ हे क्रियापद सासरशी बांधले गेले आहे. ‘टाकलेली’ आणि ‘परित्यक्ता’ या दोन्ही शब्दांत कर्ता नवराच आहे. स्वतःहून निघालेल्या स्त्रीची नोंदही आपण त्याच शब्दांत करतो.