नमुन्याची निवड आणि निष्कर्षाची विश्वासार्हता : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात सर्वेक्षणाधारित संशोधनाची समीक्षा

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावरील समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, गृहअर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र या विषयांतील संशोधन मोठ्या प्रमाणात सर्वेक्षणावर आधारलेले असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या विनियमांद्वारे शैक्षणिक कामगिरी निर्देशांक लागू केल्यानंतर प्रकाशित लेखांची संख्या अध्यापकांच्या पदोन्नतीशी जोडली गेली. लेखांची संख्या वाढली आणि त्यांचा एक साचाही रूढ झाला. शंभर किंवा दोनशे उत्तरदाते, एक प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, काय-वर्ग कसोटी आणि अखेरीस ‘गृहीतक सिद्ध झाले’ हे विधान. या साच्यात सर्वांत कमी जागा मिळते ती नमुना निवडीला. ‘उत्तरदात्यांची निवड यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली’ एवढ्या एका वाक्यात तो विषय संपतो. निवडीत शिरलेला दोष पुढील कोणत्याही सांख्यिकीय कसोटीने दूर होत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पीक कापणी प्रयोगाचा धडा

या प्रश्नाचा अत्यंत काटेकोर विचार महाराष्ट्राच्याच एका सुपुत्राने केला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनी 1940 च्या दशकात पिकाचे सरासरी उत्पन्न ठरविण्यासाठी यादृच्छिक नमुना पद्धतीवर आधारित पीक कापणी प्रयोगांची मांडणी विकसित केली. तालुका वा विकासखंड हा स्तर, त्यातून गावे, गावातून शेते आणि शेतातून एक भूखंड अशी ही स्तरित बहुटप्पी निवड आहे. भूखंड कोठे आखायचा हे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक अंकांनुसार पावले मोजून ती जागा ठरते. डोळ्यांना चांगले दिसणारे पीक निवडण्याचा मोह या एका नियमाने रोखला जातो.

भूखंडाच्या आकारावरून सुखात्मे आणि प्रा. महालनोबिस यांच्यात झालेला वाद आजही उद्बोधक आहे. लहान भूखंडाला वेळ व खर्च कमी लागतो आणि तेवढ्याच साधनांत अधिक ठिकाणी नमुने घेता येतात, ही महालनोबिस यांची बाजू होती. सीमारेषेवरील रोपे आत घेण्याकडे कापणी करणाऱ्याचा कल असतो आणि भूखंड जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा, म्हणून उत्पन्न फुगलेले दिसते, हे सुखात्मे यांनी 1946 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रयोगाच्या आधारे मांडले. येथे एक सूक्ष्म भेद स्पष्ट होतो. नमुन्यांची संख्या वाढविल्याने प्रमाण त्रुटी घटते, अभिनती घटत नाही. चुकीच्या पद्धतीने घेतलेले हजार नमुने चुकीचेच उत्तर अधिक ठामपणे देतात.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत (2016) महसूल मंडळाचे प्रत्यक्ष उत्पन्न पीक कापणी प्रयोगांवरून काढले जाते आणि ते उंबरठा उत्पन्नाशी ताडून भरपाई ठरते. मोजक्या भूखंडांच्या निवडीवर संपूर्ण मंडळातील धान उत्पादकांचा हक्क अवलंबून असतो.

धानपट्ट्यातील समष्टी आणि यादी

भंडारा जिल्ह्यात सर्वेक्षण करणाऱ्यासमोर पहिला प्रश्न समष्टीच्या यादीचा असतो. ‘शेतकरी’ निवडण्यासाठी सातबाऱ्याचा आधार घेतल्यास ठेक्याने वा बटईने जमीन कसणारे कुटुंब यादीबाहेर राहते आणि रोवणीचे बहुतांश काम करणारी, परंतु जमीन नावावर नसलेली स्त्रीही गळते. त्या यादीवरून ‘शेतीतील महिलांचा सहभाग’ अभ्यासला, तर उत्तर प्रश्न विचारण्यापूर्वीच ठरलेले असते. वेळेचेही तसेच आहे. रोवणीच्या दिवसांत दुपारी घरोघरी फिरणाऱ्या संशोधकाला मजूर कुटुंबे भेटत नाहीत. जे भेटतात ते घरी राहू शकणारे असतात. भेट न झालेल्यांची संख्या मात्र लेखात क्वचितच नोंदविली जाते.

दुसरा प्रश्न समूहाचा. नमुन्याचा आकार ठरविताना 384 हा अंक सर्रास उद्धृत केला जातो. तो 95 टक्के विश्वास पातळी, 5 टक्के त्रुटी, 50 टक्के प्रमाण आणि साधा यादृच्छिक नमुना या गृहीतांवर मिळतो. प्रत्यक्षात मात्र काही गावे निवडून प्रत्येक गावातून उत्तरदाते घेतले जातात. एकाच मामा तलावावर ज्यांच्या बांध्या भिजतात, त्यांचे उत्पन्न, कर्ज व पीकपद्धती परस्परांशी मिळतीजुळती असते. म्हणून दहा गावांतील प्रत्येकी वीस मिळून दोनशे उत्तरदाते म्हणजे दोनशे स्वतंत्र साक्षी नव्हेत. उदाहरणार्थ, गावांतर्गत सहसंबंध केवळ 0.1 मानला, तरी आराखडा परिणाम 1 + (20 − 1) × 0.1 = 2.9 येतो आणि प्रभावी नमुना 200 ऐवजी सुमारे 69 इतकाच उरतो. या नमुन्यावर सरळ काय-वर्ग कसोटी लावल्यास नसलेला फरकही सार्थ ठरण्याची शक्यता बळावते, कारण निरीक्षणांची स्वतंत्रता ही त्या कसोटीची मूलभूत अट आहे.

कसोटीची मर्यादा

सार्थकता कसोटी यादृच्छिकतेमुळे संभवणाऱ्या चढउतारांचे मोजमाप करते. सोयीने निवडलेल्या नमुन्यात ती यादृच्छिकताच नसते, त्यामुळे 0.05 या पातळीला आधार राहत नाही. केवळ ही पातळी ओलांडली म्हणून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नये, तसेच त्या अंकावरून परिणामाचा आकार वा त्याचे महत्त्व कळत नाही, असे अमेरिकन सांख्यिकी संघटनेने 2016 मधील निवेदनात स्पष्ट केले आहे. ‘गृहीतक सिद्ध झाले’ ही शब्दयोजनाही सदोष आहे. शून्य परिकल्पना नाकारता येते किंवा नाकारता येत नाही, कसोटीतून सिद्धता मिळत नाही.

समारोप

अनुदानाचा अभाव, अध्यापनाचा भार व अपुरा वेळ या महाविद्यालयीन संशोधकाच्या अडचणी खऱ्या आहेत. त्यांच्यावरील उपाय नमुन्याची संख्या फुगविणे हा नव्हे. एका तलावाच्या लाभक्षेत्रातील सर्व कुटुंबांची संपूर्ण पाहणी करून निष्कर्ष तेवढ्यापुरताच मर्यादित ठेवणारा अभ्यास, जिल्ह्याचे नाव शीर्षकात मिरविणाऱ्या सोयीस्कर नमुन्यापेक्षा अधिक मोलाचा ठरतो. यादी कोणती वापरली, तिच्यातून कोण वगळले गेले, किती जण भेटले नाहीत, गावे व कुटुंबे कोणत्या क्रमाने निवडली आणि अंदाजाची विश्वास मर्यादा किती, या पाच बाबी प्रत्येक लेखात नमूद होणे आवश्यक आहे. समीक्षकांनीही तक्ते तपासण्यापूर्वी याच बाबींची मागणी केली पाहिजे. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोजलेल्या पावलांइतकी शिस्त प्रश्नावली वाटताना पाळली गेली, तरच जिल्ह्याविषयी काढलेला निष्कर्ष जिल्ह्याचा ठरेल.