खेळण्यातलं पिस्तूल आणि शिशाची पट्टी

आजचा विषय दिसायला किरकोळ आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात खेळण्यातलं पिस्तूल सापडलं, तर शाळेनं काय करावं? आपल्याकडे दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घरोघरी वाजतं. त्यामुळे आपण म्हणणार, त्यात काय मोठंसं, रागवा आणि काढून घ्या. अमेरिकेत मात्र हा प्रश्न थट्टेचा नाही, आणि तो का नाही हे आधी समजून घेतलं पाहिजे.

1994 साली तिथं केंद्रीय कायदा झाला. शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष काढून टाकावं, नाहीतर राज्याला शिक्षणासाठीचं केंद्रीय अनुदान मिळणार नाही. आता दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. हा कायदा खऱ्या बंदुकीपुरता होता. आणि प्रत्येक प्रकरण वेगळं पाहून शिक्षा कमी करण्याची मुभा त्यातच दिलेली होती. पण पुढे अनेक शाळा-मंडळांनी चाकू, खेळणी, शस्त्रासारखी दिसणारी कोणतीही वस्तू नियमात आणली, आणि मुभा बाजूला ठेवली. याला नाव पडलं ‘झीरो टॉलरन्स’. त्यात 1999 च्या एप्रिलमध्ये कोलंबाइनचं हत्याकांड झालं. त्या भीतीला आम्ही खोटी म्हणणार नाही. खेळण्यातलं पिस्तूलही समोरच्याला खरं वाटू शकतं. 2014 साली क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या एका मुलाच्या हातात असंच नकली पिस्तूल होतं, आणि पोलिसांच्या गोळीनं तो मेला. म्हणजे खेळणं शाळेत येऊ देऊ नये, हे आम्हाला मान्य आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे.

व्हर्जिनियातलं एक प्रकरण बघा. कोलंबाइननंतर सहाच महिन्यांनी आठवीतल्या एका मुलाला वर्गातली मुलगी सांगते, काल रात्री जीव द्यावासा वाटत होता, चाकू वहीच्या फाइलीत राहिलाय. मुलगा ती फाइल घेतो आणि आपल्या लॉकरमध्ये ठेवतो. इथं चाकू खरा होता, पण हेतू जीव वाचवण्याचा. त्याच्यापासून कुणालाही धोका नव्हता, हे शाळेच्या अधिकारी बाईंनीच मान्य केलं. तरी तो निलंबित झाला. आधी दहा दिवस, मग सत्र संपेपर्यंत. नियमात ‘शस्त्र जवळ बाळगणे’ एवढंच होतं ना! 2001 मध्ये अपील न्यायालयानंही शाळेचा निर्णय बदलला नाही. शाळेनं रीतसर प्रक्रिया पाळली होती. धोरण शहाणपणाचं आहे की नाही, हे ठरवणं आपलं काम नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका. कायद्यानं ती बरोबर असेल. पण रीत पाळली म्हणजे न्याय झाला, असं थोडंच आहे?

यावर एक वजनदार आक्षेप येतो. तारतम्य शिक्षकाच्या हाती दिलं की पक्षपात शिरतो. नियम निदान सर्वांना सारखा. आक्षेप प्रामाणिक आहे. पण अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कृतिगटानं 2008 साली या धोरणाचा आढावा घेतला, तेव्हा त्यानं शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि कृष्णवर्णीय मुलांवर होणाऱ्या कारवाईचं जास्तीचं प्रमाणही हटलेलं दिसलं नाही. तारतम्य गेलं, पक्षपात राहिला.

ॲरिस्टॉटल सांगतो, कायदा सामान्य शब्दांत बोलतो, माणसाची कृती मात्र प्रत्येक वेळी विशिष्ट असते. लेस्बॉसचे गवंडी शिशाची पट्टी वापरत; ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. वाकते म्हणून ती मोजमाप सोडत नाही, बरं का. दगड कसा आहे हे पाहून मोजते, एवढंच.

आता स्वतःबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर हा सगळा उपदेश होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिस्त समितीवर होतो. अकरावीच्या एका मुलाकडे खेळण्यातलं पिस्तूल सापडलं. त्यानं ते एका वर्गमित्रावर रोखलं होतं. आम्ही विचारलं, ‘हे तुझंच का?’ तो म्हणाला, ‘हो.’ आम्ही पंधरा दिवसांच्या निलंबनावर सही केली. कशासाठी आणलंस, हे विचारलंच नाही. तो वर्गमित्र त्याला महिनाभर छळत होता, हे शिपायाकडून कळलं, तेही नंतर. मुलगा पुन्हा आला नाही. जन्मभर नीतिशास्त्र शिकवलं आम्ही, आणि एक साधा प्रश्न सुचला नाही!

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे: वस्तू काय होती, तिचं केलं काय, आणि का केलं, हे तीन प्रश्न शिक्षेच्या आधी यावेत. त्याच व्हर्जिनियात, तिथल्या विद्यापीठात, पुढे धोका पारखण्याची एक पद्धत तयार झाली. रागाच्या भरातली धमकी आणि खरा बेत यांत ती फरक करते. 2013 पासून तिथल्या शाळांना असे पारखणारे गट नेमणं बंधनकारक आहे. यात मुलाला मोकळं सोडणं नाही. पिस्तूल जप्त होईल, पालक येतील, आणि जो पोरगा घाबरला त्याची समजूतही निघेल. फक्त कुणीतरी खाली बसून मुलाशी बोललेलं असेल. त्याला अर्धा तास लागतो. आम्ही तो दिला नव्हता.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.