यादी मोठी, विविधता छोटी

३ जून २००५ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कचं १०१.१ एफएम हे स्टेशन अचानक बदललं. स्टेशनचं नाव डब्ल्यूसीबीएस-एफएम. १९७२ पासून ते ‘ओल्डीज’, म्हणजे जुनी लोकप्रिय गाणी लावत होतं. त्या दिवशी त्याच जागेवर ‘जॅक एफएम’ सुरू झालं. जॅकचा फॉर्म्युला कॅनडातून आला होता: गाण्यांची यादी लांबलचक, रॉकपासून पॉपपर्यंत सगळं एकत्र, निवेदक नाहीत, फर्माईश नाही. ‘आम्हाला वाटेल ते लावू’ अशा अर्थाचं घोषवाक्य. थोडक्यात, विविधता हीच जाहिरात.

पुढे काय झालं ते रेडिओवाल्यांना पाठ आहे. श्रोते चिडले, शहराच्या महापौरांनीही नाराजी बोलून दाखवली, श्रोतृसंख्या घसरली आणि १२ जुलै २००७ रोजी जुनं नाव परत आलं.

या घटनेचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे ‘लोकांना आठवणी प्रिय असतात’. मला ते आळशी वाटतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी इथे याहून कामाचा प्रश्न आहे. ज्या स्टेशनने विविधता वाढवण्याचं वचन दिलं, त्याने शहरातली विविधता कमी केली असं म्हणता येईल का? माझं उत्तर ‘हो’ आहे. पण ते सिद्ध करायचं तर आधी ‘विविधता’ हा शब्द नीट सोडवून घ्यावा लागतो.

आधी हिशोब

विविधता मोजायची म्हटलं की पहिला हात यादीवर जातो. किती गाणी? हे मोजमाप सोपं आहे आणि म्हणूनच फसवं आहे.

एक काल्पनिक स्टेशन घ्या. तासाला १२ गाणी, म्हणजे दिवसाला २८८. यादी ४०० गाण्यांची. सगळ्यांना सारखी पाळी मिळाली तर एक गाणं साधारण ३३ तासांनी परत येईल. पण स्टेशनं असं करत नाहीत. गाण्यांचे गट पाडतात, कुठल्या गटाची पाळी किती वेळाने यायची हे ठरवतात, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत असे नियम घालतात आणि उरलेलं काम सॉफ्टवेअर करतं. समजा, १०० लाडक्या गाण्यांना निम्मी पाळी दिली आणि उरलेल्या ३०० गाण्यांना निम्मी. आता लाडकं गाणं दर १६-१७ तासांनी येतं आणि दुसरं दर ५० तासांनी.

अर्थशास्त्रवाल्यांना हर्फिंडाल निर्देशांक माहीत असेल. प्रत्येक गाण्याचा वाटा काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा आणि १ ला त्या बेरजेने भागा. वरच्या उदाहरणात उत्तर येतं ३००. म्हणजे यादीत ४०० गाणी असली, तरी समान पाळीच्या ३०० गाण्यांइतकीच तिची विविधता आहे. आता १,२०० गाण्यांची यादी घ्या आणि त्यातल्या २०० गाण्यांना तीन-चतुर्थांश पाळी द्या. उत्तर येतं जेमतेम ३४८. कागदावर तिप्पट गाणी, कानाला सहाव्या हिश्शाचा फरक!

म्हणून कुठल्याही स्टेशनची यादी किती मोठी आहे हे त्याच्या जाहिरातीवरून लिहू नका. आठवडाभराचा लॉग काढा आणि स्वतः मोजा.

अँडी स्टर्लिंग यांनी २००७ मध्ये मांडलेली चौकट इथे उपयोगी पडते. ते विविधतेचे तीन भाग करतात. प्रकार किती, त्यांच्यात समतोल किती आणि ते प्रकार एकमेकांपासून किती दूर आहेत. वरचा हिशोब पहिल्या दोन भागांचा झाला. तिसरा भाग संगीतात फार महत्त्वाचा असतो. एकाच वर्षातली, एकाच ढंगाची पन्नास गाणी आणि पन्नास वेगळ्या घराण्यांची पन्नास गाणी यांना एकाच मापाने मोजणं कुणाच्याही कानाला पटणार नाही.

कुणाची विविधता?

आता गंमत बघा. या तिन्ही कसोट्यांवर जॅक अगदीच नापास होईल असं नाही. सत्तरच्या दशकातलं रॉक आणि ऐंशीच्या दशकातलं न्यू वेव्ह शेजारी लावणं हीच त्याची खुबी होती. तिसऱ्या कसोटीवर तर त्याला चांगले गुण पडतील. मग बिनसलं कुठे?

बिनसलं ते विश्लेषणाच्या एककापाशी. विविधता नेहमी कशाची तरी असते. एका तासाची, एका स्टेशनची की अख्ख्या शहराच्या रेडिओची? रेडिओ ऐकणारा माणूस एका स्टेशनला बांधलेला नसतो. त्याच्या हातात बटण असतं. त्याच्या दृष्टीने विविधता म्हणजे ते बटण फिरवल्यावर काय काय सापडतं ती.

जॅक जी गाणी लावत होतं, त्यांतली पुष्कळशी न्यूयॉर्कच्या इतर स्टेशनांवर, विशेषतः क्लासिक रॉकच्या स्टेशनावर, आधीपासून वाजत होती. उलट डब्ल्यूसीबीएस-एफएम गेल्यावर शहराच्या एफएम पट्ट्यावर ओल्डीजचं दुसरं मोठं स्टेशन उरलं नाही. जुना कार्यक्रम इंटरनेटवर चालू ठेवला गेला, पण २००५ मध्ये गाडीत किंवा स्वयंपाकघरातल्या रेडिओवर इंटरनेट येत नव्हतं. म्हणजे स्टेशनच्या पातळीवर विविधता वाढली आणि शहराच्या पातळीवर घटली. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. एकक न सांगता ‘विविधता वाढली’ असं लिहिणारा प्रबंध यांपैकी कुठलं विधान करतोय, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

स्टेशनं अशी एकमेकांच्या अंगावर का जातात, याचं जुनं उत्तर पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्ये दिलं होतं. त्याचा गाभा माझ्या उदाहरणाने सांगतो. शहरात १०० श्रोते आहेत. ८० जणांना पॉप हवंय, २० जणांना दुसरं काही. स्टेशनं तीन, मालक तीन. पॉप वाटून घेतलं तर प्रत्येकाला २६-२७ श्रोते मिळतात. दुसरं काही लावलं तर २०. मग तिघेही पॉपच लावणार आणि ते २० जण उपाशी राहणार. तिन्ही स्टेशनं एकाच मालकाची असतील तर मात्र त्याला स्वतःचेच श्रोते वाटून घेण्यात काही फायदा नाही. तो एक स्टेशन त्या २० जणांना देईल. स्टीव्हन बेरी आणि जोएल वॉल्डफोगेल यांनी २००१ मध्ये अमेरिकन रेडिओच्या आकडेवारीवर हे तपासलं आणि विलीनीकरणानंतर स्टेशनांच्या संख्येच्या मानाने कार्यक्रम-प्रकार वाढल्याचं दाखवलं.

पण या अभ्यासावर एक आक्षेप घेता येतो आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे मोजली आहेत ती कार्यक्रम-प्रकारांची नावं. ‘अडल्ट हिट्स’, ‘क्लासिक हिट्स’, ‘ओल्डीज’ अशा तीन पाट्या म्हणजे तीन प्रकार धरले जातात. पाटीमागची गाणी किती सामाईक आहेत हे त्यात दिसत नाही. दुकानाची पाटी वाचून माल मोजण्यासारखं आहे हे.

जे लावलंच नाही, ते आवडणार कसं?

आता डब्ल्यूसीबीएस-एफएमवर जरा प्रेमाने, पण डोळे उघडे ठेवून टीका करू.

या स्टेशनचं मोठेपण त्याच्या विशेष कार्यक्रमांत होतं. रविवारी रात्री डॉन के. रीड यांचं ‘डू-वॉप शॉप’ लागायचं. डू-वॉप म्हणजे चार-पाच गळ्यांनी मिळून गायचं, रस्त्याच्या कोपऱ्यावर नाहीतर जिन्याखाली घडलेलं गाणं. न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांची ही खास उपज. दरवर्षी श्रोत्यांच्या मतांवरून ५०० गाण्यांची क्रमवारी लावली जायची. त्यात वर्षानुवर्षं पहिल्या जागेवर असायचं ‘द फाइव्ह सॅटिन्स’ या गटाचं १९५६ चं ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’. हा गट शेजारच्या न्यू हेवनचा आणि गाणं ध्वनिमुद्रित झालं ते तिथल्या एका चर्चच्या तळघरात. बिलबोर्डच्या देशव्यापी पॉप यादीत ते फक्त चोविसाव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं.

हा फरक नीट बघा. देशाच्या यादीत चोविसावं, शहराच्या स्मरणात पहिलं. ‘स्थानिक’ या शब्दाला इतका ठोस पुरावा क्वचित मिळतो. देशभराचा आकडा घेऊन शहराची आवड ठरवली असती, तर हे गाणं पहिल्या पानावरसुद्धा आलं नसतं.

मात्र या पुराव्यालाही एक भोक आहे. श्रोते मत देतात ते ऐकलेल्या गाण्याला आणि ऐकवतं तेच स्टेशन. गाणं वाजलं म्हणून आवडलं आणि आवडलं म्हणून वाजलं, हे चक्र मतदानात आहे. व्यावसायिक गाणे-चाचणीत तर ते जास्तच घट्ट आहे. त्या चाचणीत लोकांना सभागृहात बसवून शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवतात आणि गुण द्यायला लावतात. सात-आठ सेकंदांत ओळख पटते, आवड नाही. न ऐकलेलं गाणं तिथे हरणारच. मग ते यादीतून जातं, पुढच्या वर्षी आणखी थोड्या लोकांना ओळखीचं राहतं आणि पुन्हा हरतं. मोजणाऱ्याला वाटतं आपण आवड मोजतोय. प्रत्यक्षात तो स्वतःच्याच जुन्या निर्णयांचा प्रतिध्वनी ऐकत असतो. तुमच्या विषयात रेडिओ नसला तरी ही चूक ओळखून ठेवा. ‘लोकांना हेच हवंय’ असं सांगणाऱ्या बऱ्याच सर्वेक्षणांत ती सापडते.

म्हणूनच २००७ च्या पुनरागमनाबद्दल मी सरसकट टाळ्या वाजवणार नाही. नाव परत आलं, काही जुने निवेदकही परतले. पण यादीचा गाभा साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांवर सरकला आणि पन्नासचं दशक जवळपास दाराबाहेर राहिलं. ‘डू-वॉप शॉप’ तर जॅक येण्याच्याही आधी, २००२ मध्येच बंद झालं होतं. कारण अमेरिकन जाहिरातदारांच्या वयोगटात आहे. त्यांना २५ ते ५४ या वयाचा श्रोता हवा असतो. १९५७ मध्ये अठरा वर्षांची असलेली मुलगी २००५ मध्ये ६६ वर्षांची झाली. ती रोज रेडिओ ऐकत होती, वस्तूही विकत घेत होती. पण ज्या तक्त्यावरून जाहिरातीचे दर ठरतात, त्या तक्त्यात तिचा रकाना उरला नव्हता.

म्हणजे ‘ओल्डीज’ हा काळाचा पट्टा नाहीच. ती श्रोत्याच्या वयामागून सरकणारी खिडकी आहे. प्रत्येक दहा वर्षांनी एक दशक मागच्या बाजूने गळून पडतं आणि ते गळताना कुणी निवाडा देत नाही की ही गाणी वाईट होती. शहराची सामाईक आठवण काय असावी, हे अशा वेळी जाहिरातीचं दरपत्रक ठरवतं. या अभ्यासात पणाला काय लागलंय असं कुणी मार्गदर्शकाने विचारलं, तर एवढं सांगा.

आपल्याकडे हे करून बघायचं असेल तर

मुंबई-पुण्यात बसूनही ही पद्धत वापरता येईल. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती आणि तिचा ‘भूले बिसरे गीत’ हा कार्यक्रम यासाठी उत्तम नमुना आहे. निवेदक चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावं सांगतात, त्यामुळे लॉग ठेवणं सोपं जातं. निदान दोन आठवडे सलग नोंदी करा. प्रत्येक गाण्यामागे चित्रपटाचं वर्ष आणि संगीतकार लिहा. मग हिशोब तीनदा करा: एकदा कार्यक्रमापुरता, एकदा दिवसभराच्या प्रसारणाचा आणि एकदा तुमच्या शहरातली खासगी एफएम स्टेशनं धरून. तीन आकडे वेगवेगळे येतील. त्यांतला खरा कुठला यावर वाद घालत बसू नका. ते वेगळे का आले, तिथून तुमचा प्रबंध सुरू होतो.

आणि एक रकाना हाताने भरायचा ठेवा: या दोन आठवड्यांत कुठल्या संगीतकाराचं एकही गाणं लागलं नाही? ही यादी कुठल्याही सॉफ्टवेअरमधून आपोआप निघत नाही. त्यासाठी काय काय लागू शकलं असतं हे आधी माहीत असावं लागतं. म्हणजे आकडेमोडीला बसण्याआधी पुष्कळ गाणी ऐकावी लागतात.