भट्टी लागण्याआधी

मांजरसुंब्याहून केजच्या दिशेने निघाले की नेकनूर लागते. वारकऱ्यांना ते बंकटस्वामींमुळे माहीत, शेतकऱ्यांना बाजारामुळे. या गावात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात नव्या बांधकामासाठी उतरवलेल्या विटांच्या थप्पीतून एक वीट उचलून पाहा. तिच्या पोटातल्या खाचेत दोन-तीन अक्षरे उठलेली असतात, बहुधा भट्टीमालकाच्या नावाची. मराठवाड्यात आज विटेवर जी काही कारागिरी होते ती एवढीच, आणि तीही पहिला थर बसताच मसाल्याखाली जाते.

केज, कळंब ओलांडून आणखी दक्षिणेला गेले की तेर येते. गोरोबाकाकांचे तेर, सातवाहनकाळातले व्यापारी नगर तगर. तिथले उत्तरेश्वराचे देऊळ आकाराने लहान आहे, साधारण सहाव्या-सातव्या शतकातले. त्याच्या भिंती विटांच्या आहेत, आणि भिंतींवरचे अर्धस्तंभ, चैत्यकमानींच्या आकाराचे कोनाडे, पट्ट्या हे अलंकरणही विटेतच घडवलेले आहे. दाराची कोरीव लाकडी चौकट आता गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. जवळच त्रिविक्रमाचे देऊळ: मागची बाजू अर्धवर्तुळाकार, छप्पर गजपृष्ठाकार, म्हणजे चैत्यगृहाचा आराखडा, तोही विटेत उभा केलेला. हेन्री कझिन्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोन्ही वास्तूंकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दुर्दैवाने तेरवर लिहिणाऱ्यांचा निम्मा मजकूर आजही पाण्यावर तरंगणाऱ्या विटेवर खर्च होतो. मातीत मिसळलेला सेंद्रिय भर भट्टीत जळून गेला की विटेत पोकळ्या राहतात आणि ती हलकी होते. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही अशा हलक्या विटा वापरल्या आहेत. चमत्कार म्हणून ही गोष्ट चांगली आहे, पण तेरचे खरे कर्तृत्व भिंतीवर आहे.

ते किती मोठे, हे इतर ठिकाणांशी ताडून पाहिल्यावर कळते. उत्तर प्रदेशातले भितरगावचे विटांचे देऊळ गंगेच्या गाळाच्या प्रदेशात आहे. बंगालमधल्या विष्णुपूरच्या मल्ल राजांनी सतराव्या शतकात मातीच्या फलकांनी मढवलेली देवळे बांधली, कारण त्या मुलखात चांगला दगड हाताशी नव्हता. तेरच्या माणसाच्या पायाखाली मात्र बेसाल्टचा अख्खा थर होता. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात पुढे हाच खडक कोरला गेला. बीडचे कंकालेश्वर दगडातच उभे आहे. दगड असताना तेरणेचा गाळ उचलून विटा पाडायच्या, भाजायच्या आणि त्यांतून देवळाचा चेहरा घडवायचा, ही निवड होती. वीट जे देते ते बेसाल्ट देत नाही. बेसाल्ट छिन्नीला दाद देतो, पण त्याचा काळेपणा सावली गिळतो. विटेच्या तांबड्या अंगावर अर्ध्या बोटाची खोलीही उन्हात ठळक दिसते.

पुढे वीट हरली, म्हणजे खालच्या भिंतीवरून हटली आणि शिखरावर गेली. परभणी जिल्ह्यातल्या धारासुरच्या गुप्तेश्वर मंदिरात दगडी भिंतींवर सुरसुंदरी आहेत आणि माथ्यावर विटांचे शिखर. मराठेकाळात वाड्यांचे वरचे मजले विटांचे आणि देवळांची शिखरेही विटांची झाली. पण आता वीट सांगाडा होती आणि वरची कातडी चुन्याची. कोनाड्यातले साधू, मोर, वाघ, दशावतार हे सारे चुनेगच्चीत. या कामात जिवंतपणा आहे, विनोदही आहे, पण ते विटेचे शिल्प नव्हे. कारागिराच्या बोटांतले कसब एका द्रव्यातून दुसऱ्यात गेले, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्या चुन्यावर तैलरंगाचे थर चढले तेव्हा तेही बुजले. देवस्थानांच्या विश्वस्तांनी केलेले हे नुकसान ऊनपावसाने केलेल्या नुकसानापेक्षा जास्त आहे, असे माझे मत आहे.

आता आजचे बघू. आपल्या शहरांत सार्वजनिक कला म्हणजे पुतळा, किंवा मग रंगवलेली भिंत. भिंती स्वच्छतेच्या मोहिमेत रंगतात आणि दोन पावसाळ्यांत उडतात. त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. पुतळ्यांना निदान नियम आहेत. शासनाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नियम असूनही काय होते ते मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसले: ४ डिसेंबर २०२३ला अनावरण झालेला छत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. त्यावर चर्चा झाली ती वाऱ्याची, गंजाची आणि राजकारणाची. तारीख आधी ठरते आणि शिल्प नंतर, या पद्धतीची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. आपल्याकडे कलाकृती ही विकत आणायची वस्तू समजली जाते. इमारत पूर्ण होते, रंग लागतो, उद्घाटनाची तारीख जवळ येते, आणि मग कोणाला तरी आठवते की दर्शनी भागात काहीतरी हवे. तेव्हा मिळते ते फायबरचे.

कोरीव विटेचे काम या सवयीत बसतच नाही. ते असे चालते. भरीव विटा, पोटात खाच नसलेल्या, मुद्दाम पाडाव्या लागतात. त्या अर्धवट सुकल्या, नखाने रेघ उठेल पण बोट रुतणार नाही अशा बेताला आल्या, की तिरक्या फळीवर सांध्याची जागा सोडून भिंतीसारख्या रचतात. मग शिल्पकार कोरतो. प्रत्येक विटेच्या मागे क्रमांक पडतो, जाड विटा मागून पोखरतात, सावलीत सावकाश सुकवतात, भाजतात आणि शेवटी गवंडी नकाशा समोर ठेवून त्या लावतो. सुकताना आणि भाजताना माती साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, मातीप्रमाणे कमी-जास्त. तो हिशेब चित्र काढतानाच धरावा लागतो. सांधा चेहऱ्यावरून कुठून जाणार, डोळ्यातून की गालावरून, हेही तेव्हाच ठरते. म्हणजे शिल्पकार, भट्टीवाला, गवंडी आणि वास्तुरचनाकार पाया खणण्याआधी एका जागी बसायला हवेत. निविदेत वीटकामाचा दर घनमीटरवर लागतो. घोड्याच्या मानेला घनमीटरचा दर कसा लावणार?

बाहेरच्या जगात याचे चांगले-वाईट दोन्ही नमुने आहेत. हेन्री मूरने १९५५ साली रॉटरडॅममधल्या बाउसेंट्रुम इमारतीच्या भिंतीवर सुमारे १६,००० विटांचे उठावशिल्प केले. ते प्रत्यक्षात आणले डच गवंड्यांनी, आणि त्याची ताकद याच सहभागात आहे: आकार भिंतीतून फुगून वर आल्यासारखे दिसतात, चिकटवलेले वाटत नाहीत. उलट इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनची १९९७ची विटांची आगगाडी, डेव्हिड माकची. १,८५,००० विटा. बघणारा आधी आकडा विचारतो आणि आकडा कळला की पुढे निघतो. वीट तिथे मोजणीपुरती आहे, तिला छिन्नी लागलेलीच नाही. आपल्याकडे के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३च्या सुमारास लखनौच्या रवींद्रालयावर भाजलेल्या मातीच्या तुकड्यांतून टागोरांच्या नाटकावर लांबलचक भित्तिशिल्प केले. स्वतंत्र भारतातल्या इमारतीवरचे मातीतले हे काम मी सर्वांत वरचे मानतो. राजस्थानातल्या मोलेला गावचे कुंभार देवांचे फलक घडवता घडवता रेल्वे स्थानकांच्या भिंतींपर्यंत पोचले. उदयपूरच्या स्थानकावर त्यांचे काम आहे. मोलेलाच्या कामात तोचतोपणा शिरू लागला आहे हे खरे. पण तिथली चूल कामावर पेटते, हेही खरे.

काम दिल्याशिवाय कारागीर तयार होत नाही, हे मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पे लॉकवुड किपलिंगची. व्हिक्टोरिया टर्मिनसचे कोरीवकाम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली केले. बाजार आणि स्थानक या रोजच्या वापराच्या इमारतींनी एका पिढीचे हात घडवले. फिलाडेल्फियाने १९५९मध्ये बांधकामखर्चातला १ टक्का कलेसाठी राखून ठेवण्याचा नियम केला, तोही याच विचारातून. आपल्याला तर अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, बोरीबंदरपर्यंत गेले तरी पुरे.

मग बीड जिल्ह्यात हे होईल का? पहिली अडचण मातीची. काळी माती सुकताना फुटते, हे कुणा शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात रानात पडलेल्या भेगा त्याने पाहिलेल्या असतात. म्हणून वीट पाडणारे गाळाची किंवा पांढरीची माती शोधतात, आणि गावाची पांढरी उकरणे हे पुरातत्त्वाचे वेगळेच दुखणे आहे. परळीच्या औष्णिक केंद्राची राख मिसळली तर आकुंचन कमी होते. औष्णिक केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या भट्ट्यांनी मातीत राख मिसळावी असा नियम केंद्र सरकारने १९९९मध्ये केला होता. बांधकामाला ते ठीक. कोरायला मात्र राख जास्त झाली की धार तुटते, कोपरा भुरभुरतो. प्रमाण प्रयोगानेच काढावे लागेल. दुसरी अडचण भट्टीची. उघड्यावर रचलेल्या भट्टीत आतल्या विटा जळून वेड्यावाकड्या होतात, कडेच्या कच्च्या राहतात. कोरलेल्या विटा अशा भट्टीत नुसत्या ढकलून चालणार नाही. त्यांना या दोन्हींच्या मधल्या थरात जागा द्यावी लागेल किंवा कुंभारकामाची वेगळी बंद भट्टी हवी. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने कुंभारांना आधुनिक भट्टीचे शिक्षण दिले, तसे काही मराठवाड्यात उभे राहू शकते. लोणा लागू नये म्हणून पाया-जोत्याची ओल अडवणे आणि सांध्यात सिमेंटऐवजी चुना वापरणे, एवढे तर कुठल्याही गवंड्याला समजावता येईल.

यांतली कुठलीही अडचण न सुटणारी नाही. विटा पाडणारे हात इथे आहेत. दरवर्षी ते भट्ट्यांवर जातातच, आणि त्यांच्या कामाला कला म्हणायची वेळ कोणावर आलेली नाही. शिल्पकलेचे शिक्षण घेतलेली मुले छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबईच्या कला महाविद्यालयांतून बाहेर पडतात आणि गणपतीच्या हंगामावर जगतात. नाही तो काम मागणारा, आणि तो वेळेवर मागणारा.

विषयाबद्दलही एक सांगून टाकतो. या विटांवर नेत्यांचे चेहरे नकोत. वीट व्यक्तिचित्राला नाखूश असते. सांधा नाकावरून गेला की वाद सुरू होतो. बैलाचे खांदे, ज्वारीचे कणीस, उसाची मोळी बांधणारे हात, दिंडीतले पाय, असे पुन्हापुन्हा येणारे आकार तिला मानवतात, कारण थरांची लय त्यांच्यातही आहे. आणि आकाराने सुरुवात लहान असावी. दहा फूट लांबीची, उंची कमरेएवढी भिंत नीट झाली तर पुढची मागता येते.

१७ सप्टेंबर २०२५ला बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. बीडचे स्थानक उभे राहिले आहे. परळीपर्यंतच्या मार्गावरच्या सगळ्याच इमारतींना अजून रंग लागलेला नाही. नेकनूरसारख्या गावांत बाजाराचे ओटे आणि ग्रामपंचायतींची कार्यालये नव्याने बांधली जातातच. जिल्हा परिषदेने, रेल्वेने किंवा एखाद्या ग्रामपंचायतीने यांपैकी एका, फक्त एका इमारतीच्या अंदाजपत्रकात कोरीव विटेच्या भिंतीची ओळ घालावी, आणि ती नकाशा मंजूर होण्याआधी घालावी.