‘ही’च्या पोटातील ‘शी’ आणि ताराबाईंची ‘तुलना’

इंग्रजी लेखनात लिंगनिरपेक्ष एकवचनी सर्वनाम कोणते योजावे, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांत बहुधा उत्तरपत्रिका तपासतानाच उपस्थित होतो. ‘एव्हरी स्टुडंट’पुढे कोणी ‘देअर’ लिहिले की आपण लाल शाईने ‘हिज’ करतो. वस्तुतः एकवचनी ‘दे’ इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनसंहितेनेही २०१९ च्या सातव्या आवृत्तीत तो मान्य केला. मराठी विद्यार्थ्याला तर तो परका वाटू नये. ‘सरांनी त्यांचे पुस्तक दिले’ आणि ‘बाईंनी त्यांचे पुस्तक दिले’ यांत ‘त्यांचे’ एकच. एका व्यक्तीसाठी अनेकवचन आपण आदरापोटी रोज योजतो. (‘प्रत्येकाने’ मात्र पुल्लिंगीच, हे मान्य केले पाहिजे.)

‘ही’त ‘शी’ येतेच, हा युक्तिवाद कायद्यानेही उचलून धरला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८ नुसार ‘ही’ हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोहोंना लागू होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तृतीयपंथी व्यक्तींचीही भर पडली. सर्वनाम तेच राहिले.

येथे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) हा ग्रंथ आठवतो. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, ते या लेखनाचे निमित्त. दंड संहितेतील खुनाच्या शिक्षेच्या कलमाचा कर्ता ‘हूएव्हर’, म्हणजे सर्वथा लिंगनिरपेक्ष. दोष मात्र एका विधवेच्या, आणि वृत्तपत्रीय चर्चेत समग्र स्त्रीजातीच्या माथी आला. शब्द निःपक्षपाती असला म्हणजे व्यवहार तसा होतो, या समजुतीला यापेक्षा कठोर उत्तर सापडणे अवघड.

ताराबाईंनी उत्तर दिले ते ‘मनुष्यमात्र’ अशा सर्वसमावेशक शब्दाआड राहून नव्हे. त्या पुरुषांना समोर उभे करून बोलतात. स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण घेऊन तो तुमच्यात नाही काय, असे विचारतात. रोझलिंड ओ’हॅन्लन यांच्या इंग्रजी अनुवादाच्या (१९९४) शीर्षकातही ‘विमेन’ आणि ‘मेन’ हे दोन्ही शब्द उघड आहेत, ते योग्यच.

तेव्हा नियमावलीत, सूचनापत्रांत, प्रश्नपत्रिकांत एकवचनी ‘दे’ निःसंकोच यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ताराबाईंवरील इंग्रजी निबंधात ‘मेन’च्या जागी ‘पीपल’ लिहिणाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर मात्र लाल शाई अवश्य चालवावी.