लिटरली म्हणजे नक्की किती?

दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा रात्री अकराला मेसेज आला : 'दादा, मी लिटरली मरतेय इथे.' नवं शहर, हॉस्टेल, डोक्यावर सबमिशन्स. मी उत्तर दिलं, 'लिटरली? मग टाइप कोण करतंय?' तिनं फक्त अंगठा पाठवला. त्यानंतर बरेच दिवस ती 'ठीक आहे'च्या पुढे काही सांगायची नाही.

मी बरोबर होतो, असं मला वाटत होतं. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला 'लिटरल' म्हणजे जसंच्या तसं लिहिलेली किंमत. ४२ लिहिलं की ४२च.

पण भाषा कंपायलरवर चालत नाही. २०१३ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानं या शब्दाचा 'जोर देण्यासाठी' हा अनौपचारिक अर्थ नोंदवल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि 'इंग्रजी मेली' अशी रडारड झाली. खरं तर त्या वापराचा कोशातला दाखला १७६९चा, फ्रान्सिस ब्रूकच्या कादंबरीतला आहे. मेरियम-वेबस्टरनं तर हा अर्थ १९०९ मध्येच घेतला होता. म्हणजे हे खापर आपल्या पिढीवर फोडता येत नाही.

टीकाकार म्हणतात, शब्दाचा अर्थ उलटा झाला. मला हे पटत नाही. 'मी मरतेय' हे लिटरली नसतानाही अलंकारिकच असतं. 'हा अलंकार आहे बरं का' हे सांगायला कुणी तो शब्द घालत नाही. 'मरतेय' हे क्रियापद वापरून गुळगुळीत झालंय, म्हणून बोलणारी विनवतेय की या वेळी ते नेहमीसारखं घेऊ नकोस. आपलं 'अक्षरशः' तरी काय करतं? दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'अक्षर'च आहे. 'पावसानं अक्षरशः झोडपून काढलं' या वाक्यात पावसाच्या हातात छडी कुणी शोधत नाही. इंग्रजीतला 'व्हेरी'सुद्धा 'खरा' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला. खरेपणाचे शब्द जोर देता देता झिजतात, ही जुनी रीत आहे.

या शब्दाचा सर्वांत सुंदर वापर मला जेम्स जॉइसच्या 'द डेड' या कथेत सापडला. 'डब्लिनर्स' हा संग्रह १९१४चा. पहिल्याच वाक्यात लिली ही कामवाली पोरगी पाहुण्यांच्या सरबराईत दमलीय, आणि तिथे निवेदक 'लिटरली' म्हणतो. जॉइसला इंग्रजी येत नव्हतं का? ह्यू केनर या समीक्षकानं १९७८च्या पुस्तकात दाखवलं, की जॉइसचं निवेदन जवळच्या पात्राची बोली उचलतं. तो शब्द लिलीचा आहे. त्या एका क्रियाविशेषणातून तिचे दुखरे पाय थेट आपल्यापर्यंत पोचतात.

थोड्याच वेळात शिकलेला गेब्रिएल येतो. लिलीच्या उच्चाराला मनात हसतो, मग तिच्या लग्नावरून सहज थट्टा करतो. ती कडवट उत्तर देते. तो ओशाळतो आणि तिच्या हातात नाणं ठेवतो. हा प्रसंग वाचताना मला तो अंगठा आठवला. दुसऱ्याचा शब्द तपासण्यात आपण इतके गुंततो, की माणूस काय सांगतंय ते निसटतं. माझ्या बाबतीत त्यात थोडी मिजासही होती : मराठी माध्यमातून येऊन कमावलेलं इंग्रजी कुणावर तरी चालवून बघायचं.

म्हणून शब्द कुठेही चालतो असं नाही. सर्व्हर बंद पडल्याच्या रिपोर्टात 'लिटरली सगळं ठप्प' लिहिलं, तर मी आजही विचारेन, नक्की किती मिनिटं, किती युजर? तिथे आकडा हवा असतो. रात्री अकराच्या मेसेजला मात्र आकडा नको असतो.

परवा तिचा पुन्हा मेसेज आला : 'लिटरली डोकं फुटतंय.' मी फोन लावला.